पाठमोऱ्या बाईचं बक्षीस

स्वीडिश भाषेतलं मला एक अक्षर कळत नाही. तरीही मध्यंतरी ऑफिसात हेडफोन लावून मी त्या भाषेतला पुरस्कार सोहळा बघत बसले, आणि उठले ती डोळे पुसत, भांडायला पदर खोचून. पदर कसला, ऑफिसचं जॅकेटच. पण भावना तीच.

माझं काम असं की विमानात पुढच्या सीटमागे जो छोटा पडदा असतो, त्यावर दाखवायचे सिनेमे आधी बघायचे आणि प्रत्येकाची दोन ओळींत ओळख लिहायची. त्या दिवशी एक स्वीडिश सिनेमा आला होता आणि सोबत त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराची एक क्लिप. त्या सिनेमातल्या एका बाईला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं होतं. साठीच्या पुढची बाई, चष्मा, साधे बूट. नाव पुकारलं तरी कॅमेऱ्याला ती पटकन सापडेना, कारण ती पार कडेच्या खुर्चीत होती. मग ती उठली, वर गेली, तिच्या हातात बक्षीस आलं. त्यांच्याकडे बाहुली देत नाहीत, सोनेरी किडा देतात. आई सांगायची ना, गावाकडे मुलं काडेपेटीत सोनकिडा पाळायची, तसला, पण चांगला मोठा. मुख्य अभिनेत्रीला वेगळं बक्षीस होतंच. पण हिलाही होतं, हिच्या कामाच्या नावानं. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि मला एकदम नसीमा मावशी आठवली.

आपल्या देशातही असं राष्ट्रीय बक्षीस आहे, मला ठाऊक आहे. माझं भांडण देशाशी नाहीच. माझं भांडण आमच्या मंडळाशी आहे. आमच्या दुबईच्या मराठी मंडळाच्या नाट्यस्पर्धेत इतकी वर्षं सर्वोत्कृष्ट अभिनेता, अभिनेत्री, दिग्दर्शक, नेपथ्य, अगदी सर्वोत्कृष्ट शिस्तबद्ध संघ अशी बक्षिसं दिली गेली. शिस्तीला बक्षीस होतं. सहायक अभिनेत्रीला नव्हतं.

त्याच आठवड्यात मला मंडळाच्या कामासाठी ऊद मेथा भागातल्या शाळेच्या सभागृहात जावं लागलं. स्पर्धेसाठी रंगमंच कसा आहे ते बघायचं होतं. दार उघडलं आणि तोच वास आला. एसीत गारठलेलं जाजम, पडद्याच्या मखमलीतली धूळ, आणि कुठूनतरी खडूचा. खुर्च्या नव्या आल्यात, दिवे नवे आलेत, पण तो वास कुणी काढू शकलेलं नाही. मी पहिल्या रांगेत कडेला जाऊन बसले. लहानपणी माझी जागा तीच होती.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची आणि तालमी करामा भागात, आमच्या घरी. ऑक्टोबरात हवेतला चिकटपणा ओसरला की आई पहिल्यांदा खिडकी उघडायची. जिन्यात प्रत्येक मजल्याची फोडणी वेगळी, कुठे कढीपत्ता, कुठे मोहरीचं तेल, कुठे सुके बोंबील. सोफा भिंतीला लागायचा, गालिचा गुंडाळला जायचा, आणि आमचा हॉल कधी कोल्हापूरचा वाडा व्हायचा, कधी वकिलाचं ऑफिस. थर्मासमधला कडक चहा, कागदी कप, आणि बाबांच्या ऑफिसातून आणलेल्या झेरॉक्स संहितांचा तो गरम, शाईचा वास. माझ्यासाठी नाटकाला अजूनही तोच वास आहे.

नसीमा मावशी शारजाहून यायची, रोल्लाहून. तिच्या नवऱ्याचं, इस्माईलकाकांचं, तिथे कापडाचं दुकान. ते तिला पिकअपमधून आमच्या दाराशी सोडायचे. पिकअपच्या मागे कापडाचे तागे, आणि मावशी घरात आली की तिच्याबरोबर कोऱ्या कापडाचा खळीचा वास आत यायचा. ती मूळची रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली. मंडळात ती कशी आली, कुणी आणली, मला आठवत नाही. मला आठवतो तो डबा. केळीच्या पानात गुंडाळलेली घावनं आणि नारळाचा रस. केळीचं पान ती रोल्लाच्या बाजारातून शोधून आणायची आणि परत जाताना धुऊन घेऊन जायची.

रमजानात तालीम असली की आमच्या घरात एक न ठरवलेला नियम होता. मगरिबची अजान होईपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं. घशाला कोरड पडलेले सगळे मराठी नट खिडकीकडे कान लावून बसायचे. अजान झाली की आई खजुराची वाटी आधी मावशीपुढे धरायची, मग सगळ्यांपुढे, आणि मग पाध्येकाका, आमचे दिग्दर्शक, ओरडायचे, "यल्ला, दुसरा अंक!"

आता ती गोष्ट सांगते जी बाहेरच्या कुणाला खरी वाटत नाही. त्या सभागृहाच्या विंगा इतक्या अरुंद होत्या की प्रॉम्प्टर उभा राहिला तर त्याचा आवाज नटाच्या आधी पहिल्या रांगेला ऐकू जायचा. एकदा तर प्रॉम्प्टरच्या वाक्यावर लोक हसले आणि नटाच्या वाक्यावर गप्प बसले. आणि नट तरी कोण? दिवसभर बँकेत, शिपिंगमध्ये राबून आलेली माणसं. वाक्यं विसरणारच. मग पाध्येकाकांनी तोड काढली. नसीमा मावशीला सगळ्यांची सगळी वाक्यं येत होती. तिला रंगमंचावरच ठेवायचं. मोलकरीण म्हणून, शेजारीण म्हणून, विधवा आत्या म्हणून. तिनं हातात ट्रे घेऊन यायचं, प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायचं, आणि कपबशा वाजवत त्या आवाजाआड वाक्य सांगायचं.

मूळ नाटकात मोलकरीण नसली तर आम्ही घालायचो. एका नाटकात कोर्टाचा प्रसंग होता, तिथेही एक बाई चहा घेऊन आली. न्यायाधीशांनी तो प्यायला. लोकांना काही वावगं वाटलं नाही. त्यांना वाटलं असेल, दुबईची मंडळी, कोर्टातसुद्धा पाहुणचार सोडत नाहीत.

पहिल्या रांगेत कडेला बसून मी नाटक डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायचे. कप वाजले की मला कळायचं, कुणीतरी अडलंय. त्या किणकिणीमागोमाग सुमनकाकूंचा हुंदका यायचा आणि पूर्ण सभागृह विरघळायचं. सुमनकाकू आमच्या मुख्य नटी. देखण्या, गोड गळ्याच्या, आणि पाठांतराच्या नावानं आनंद. बुर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून त्यांच्यासाठी ओल्या कागदात गजरा यायचा. ग्रीनरूम म्हणजे पाढ्यांचे तक्ते लावलेला शाळेचा वर्ग, तिथे तोंडाला थापायच्या पॅनकेकचा, घामाचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास असायचा. त्या गर्दीत मावशी शांतपणे स्वतःची नऊवारी स्वतः नेसायची. आईनं एकदाच शिकवलं होतं.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस सुमनकाकूंना मिळायचं. काकू वर जायच्या, फुलं घ्यायच्या, फोटो निघायचे. आणि मावशी रंगमंचावरच्या कपबशा गोळा करत असायची, कारण त्या आमच्या स्वयंपाकघरातल्या होत्या आणि हरवल्या तर आई बोलली असती. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की मला तेव्हा ते बक्षीस समारंभाचाच भाग वाटायचं.

जुन्या कॅसेटवरून उतरवलेला एक व्हिडिओ आमच्याकडे आहे. मागे एकदा तो लावला होता. माझी लेक रिया सोफ्यावर पाय घेऊन बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "मम्मा, व्हाय इज दॅट लेडी ऑलवेज शोइंग हर बॅक? डझन्ट शी हॅव अ फेस?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर." इंग्रजीत म्हणाली म्हणून काय झालं, अगदी मराठी माणसासारखी चिडली होती. मला बरं वाटलं.

तर सोनकिड्याची ती क्लिप बघून मी मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय काढला. आता अध्यक्ष मिलिंद आहे. मिलिंद म्हणजे सुमनकाकूंचा मुलगा. आम्ही दोघं एकाच वयाचे, तालमीत एकाच गुंडाळलेल्या गालिच्याला टेकून झोपी गेलेले. मी म्हटलं, या वर्षीपासून सहायक अभिनेत्रीचं बक्षीस ठेवायचं.

"अगं, प्रॅक्टिकली बघ ना," तो म्हणाला. "प्राइझ डिस्ट्रिब्यूशन आधीच लांबतं. त्यात आणखी एक कॅटेगरी? लोक जेवणाला थांबत नाहीत मग. आणि सपोर्टिंग कुणाला म्हणायचं? सगळ्यांच्या बायका रुसतात यार."

"रुसू देत. स्वीडनमध्ये नाही रुसत कुणी."

"हबीबी, आपण स्वीडन आहोत का?"

"त्यांच्या भाषेपेक्षा आपली भाषा बोलणारी माणसं किती जास्त आहेत, बघ एकदा. आणि आपल्याला एक बाई दिसत नाही?"

मग मिलिंद समजुतीच्या सुरात म्हणाला, "नसीमा मावशींबद्दल आहे ना हे? मग त्यांचा सत्कार करू या. शाल, श्रीफळ, मोमेंटो. छान इमोशनल होईल. रील पण होईल."

मला रागच आला. कारण मावशी या वर्षी जाणार होती, कायमची. इस्माईलकाका गेल्यावर ती मुलाच्या व्हिसावर राहत होती, आणि मुलाला आता कॅनडात नोकरी लागली होती. ईद झाली की मावशी गावी परतणार. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. तिचं नाव तिच्या कामासाठी एकदाही पुकारलं न जाता ती विमानात बसणार, आणि आम्ही एक शाल देऊन मोकळे होणार. ते मला मान्य नव्हतं.

तरी निरोप पोचवायला शनिवारी रोल्लाला गेले. गल्लीत तोच गोंगाट, घड्याळं, बुरखे, सामोसे, मोबाइलची कव्हरं. मावशीच्या घरी खोकी बांधून झाली होती. सत्काराचं सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं.

"सत्कार? मी मेले का गो?"

"तसं नाही, मावशी..."

"तसंच हाय ते. सत्कार कोणाचा करतात? ज्याचं खलास झालं त्याचा. मला काम दे. काम असंल तर सांग, नसंल तर चहा पी आणि जा."

मी तिला फोनवर ती स्वीडिश क्लिप दाखवली. ती चष्मा लावून, फोन लांब धरून बघत राहिली. भाषेचा प्रश्नच आला नाही. बक्षीस घेऊन ती बाई खाली बघते आणि समोर बसलेल्या कुणाकडे तरी मान हलवते, तिथे मावशीनं बोट ठेवलं.

"बघितलंस? हिनं आधी कोणाकडं बघितलं? त्या मोठ्या हिरोइनीकडं. अजून सांभाळतेय तिला." मग थोड्या वेळानं विचारलं, "हिला सहायक म्हणूनच दिलं ना? नाव बदलून नाही ना दिलं?"

"सहायक म्हणूनच."

"मग मला पण तसंच पायजे. विशेष-बिशेष नको. मी सहायकच होते. त्यात काय लाज हाय? आणि फुकट नको. स्पर्धेत ठेव, माझं नाव घाल, बघू कोण हरवतं ते."

मी तिथूनच मिलिंदला फोन केला आणि सांगितलं की बक्षीस नसेल तर या वर्षी मी बसवतेय ते आमच्या संघाचं नाटक मी स्पर्धेतून मागे घेते, आणि का घेतलं ते सगळ्यांना सांगते. त्यानं ठेवतो-बघतो केलं. त्या दिवशी त्यानं पुण्याला आईला फोन केला असं मला नंतर कळलं. सुमनकाकू काय म्हणाल्या ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला: सहायक अभिनेत्री, नवी कॅटेगरी, फायनल.

पुन्हा आमच्या घरी तालमी सुरू झाल्या. आता सोफा हलवायला कंबर दुखते. नाटकातल्या सुनेचं मुख्य काम अनन्याला दिलं होतं. इथेच वाढलेली, बँकेतली पोरगी, मराठी संहिता रोमन लिपीत लिहून घेणारी. मावशी शेजारीण. मोजकी वाक्यं, पण सगळी समोर बघून. आणि तिथेच घोळ झाला. मावशी आत यायची आणि आपोआप वळायची. प्रेक्षकांकडे पाठ, तोंड अनन्याकडे. मी खांदे धरून तिला फिरवायचे.

"मावशी, तोंड समोर."

"अगो, सवय हाय. समोर बघितलं की उघडं-उघडं वाटतं."

कधीकधी ती तालमीनंतर एकटीच भिंतीसमोर उभी राहून वाक्यं म्हणायची. घावनांचा डबा तसाच यायचा, फक्त केळीच्या पानाऐवजी आता फॉइल. सुईणीसारखी इतरांची वाक्यं बाहेर काढण्यात हिची हयात गेली होती, आणि आता स्वतःची चार वाक्यं बोलताना तिचा आवाज कापत होता. मला तिची काळजी वाटू लागली. आपल्या हट्टापायी आपण हिला तोंडघशी पाडणार, असंही मनात आलं. पण मी मागे हटणार नव्हते, आणि ती तर नव्हतीच नव्हती.

स्पर्धेच्या संध्याकाळी मी विंगेत उभी होते. विंगा अजून तेवढ्याच अरुंद. अर्धं नाटक छान गेलं. मग घर विकण्यावरून सासऱ्याशी भांडणाचा प्रसंग आला आणि अनन्या अडली. नुसती अडली नाही, पार कोरी झाली. डोळे मोठे करून सासऱ्याकडे बघत राहिली. सभागृहात कुणीतरी खोकलं. मला मावशीचा डावा खांदा वळताना दिसला, तोच जुना वळसा, आणि मी डोळे मिटणार होते.

खांदा अर्ध्यावर थांबला. मावशी परत समोर वळली. भर उजेडात, प्रेक्षकांकडे तोंड करून, कंबरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "काय गो, बोल की! घर विकायचं नाही, असंच सांगायचंय ना तुला सासऱ्याला? मग सांग. मी उभी हाय हितं."

आधी हशा पिकला. मग टाळ्या. आणि त्या टाळ्यांतच अनन्याला तिचा आवाज सापडला. "घर विकायचं नाही, बाबा," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं धडाधड बोलत गेली. विंगेत मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होते. मला कुणी विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे जगातली सगळी बक्षिसं तिला देऊन टाकली असती.

पण मला कुणी विचारलं नाही. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी निकाल वाचला. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री: अबुधाबीच्या संघातली कॉलेजातली एक मुलगी, नर्सच्या भूमिकेसाठी. तिनं काम खरंच चांगलं केलं होतं, हे मी आता म्हणू शकते. तेव्हा म्हणाले नसते. ती पळत वर गेली, माइकवर "ओ माय गॉड, आय कान्ट बिलीव्ह धिस" म्हणाली आणि तिची आई खाली उभी राहून रडायला लागली.

मी रागानं लाल झाले होते. मावशीकडे वळले, तिला काय सांगायचं ते ठरवत. तर ती उभी राहून टाळ्या वाजवत होती, बांगड्या खळखळत.

"मावशी, मी बोलते त्यांच्याशी. हे चूक आहे."

"काय चूक? हरले मी." ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. "अगो, इतकी वर्षं स्टेजवर हाय मी. मला कधी हरायला पण मिळालं नव्हतं."

मग तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली, पर्स काखेत मारली आणि जेवणाच्या टेबलांकडे निघाली. मिलिंद मध्ये आला, "मावशी, एक ग्रुप फोटो," म्हणाला. ती "थांब रे" म्हणून त्याला ओलांडून गेली. मुख्य परीक्षक बिर्याणीची प्लेट घेऊन खुर्ची शोधत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मी ती शेजारीण. माझं काय कमी पडलं ते सांगा."

"अहो, बसा ना तुम्ही, बसून बोलू," ते गडबडले.

"नाय, उभ्यानंच सांगा. पण शाल दिल्यासारखं गोड नको. नटीला सांगतात तसं सांगा."

परीक्षकांनी तिच्याकडे नीट बघितलं. हातातली प्लेट बाजूच्या टेबलावर ठेवली, आणि सांगायला लागले.